दलित आत्मकथने आणि मास्तराची खुर्ची

१

दलित आत्मकथनांची चर्चा मराठीत आजवर पुष्कळ झाली. भूक, वस्ती, भाषा, आई, बाप, गावकी, शहर, नोकरी, नकार अशा अनेक अंगांनी झाली. काही चर्चा जिव्हाळ्याने झाली, काही कपाळाला आठ्या घालून झाली. परंतु या लेखनात एक माणूस जवळजवळ प्रत्येक पुस्तकात उभा आहे आणि समीक्षेने त्याच्याकडे धडपणे पाहिलेले नाही. तो माणूस म्हणजे मास्तर.

वस्तीतल्या पोराला लहानपणी सरकार तीन रूपांत भेटत असे : तलाठी, फौजदार आणि मास्तर. पहिल्या दोघांच्या दारात आपला बाप बोलावणे आल्याशिवाय जात नसे. मास्तराच्या दारात मात्र तो आपण होऊन गेला, पोराचा हात धरून गेला. बाबासाहेबांच्या चळवळीचे हे खेड्यापाड्यांतले सर्वांत मोठे पाऊल होते. ज्या व्यवस्थेने अक्षर नाकारले, तिच्याच अक्षर सांभाळणाऱ्या माणसासमोर आपले पोर नेऊन उभे करणे ही साधी गोष्ट नव्हती. म्हणूनच मास्तराने पोराला कसे वागवले, कुठे बसवले, कोणत्या नावाने हाक मारली, हे आत्मकथनांत इतक्या बारकाईने नोंदले गेले. त्या नोंदी म्हणजे निव्वळ बालपणीच्या आठवणी नव्हेत, तर राज्यघटनेने दिलेला शब्द गावात कसा पाळला गेला याच्या त्या साक्षी आहेत.

प्रस्तुत लेखात मला दोन गोष्टी मांडायच्या आहेत. आपल्या आत्मकथनांतला मास्तर नेहमी टेबलाच्या पलीकडे बसलेला आहे, तो दुसरा आहे. पुढे आपलीच पोरे शिकली आणि टेबलाच्या त्या बाजूला जाऊन बसली. पण त्या खुर्चीत बसलेल्या माणसाची कथा आपण लिहिली नाही. ही पहिली गोष्ट. दुसरी अशी की ही कथा न लिहिल्यामुळे आज शिक्षकाच्या पेशाचे जे चालले आहे ते आपल्याला नीट दिसत नाही. एकीकडे आपण त्याला 'पगारी पांढरपेशा' म्हणून झिडकारतो, दुसरीकडे संघटनेच्या मोर्चात 'आमच्या मागण्या' म्हणून ओरडतो. या दोहोंच्या मध्ये वस्तीतले पोर आणि त्याची शाळा निसटून जाते.

२

आधी पलीकडचा मास्तर पाहू.

प्रस्थापित मराठी साहित्यात 'गुरुजी' ही एक मंगल प्रतिमा आहे. साने गुरुजींच्या नावाला तर ती कायमची चिकटली. कुसुमाग्रजांच्या 'कणा' या कवितेतले 'सर' घराघरांत पाठ आहेत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला (१९५५) कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर जातो, बंद पडलेली शाळा उभी करतो, लोकांची पत्रे लिहितो, भांडणे ऐकतो, तालीम बांधायला लोकांना उभे करतो. ती कादंबरी मोठी आहे यात शंका नाही. पण ती मास्तराच्या डोळ्यांनी पाहिलेली वाडी आहे. वाडीतल्या पोराच्या डोळ्यांनी पाहिलेला मास्तर मराठी साहित्यात यायला आणखी वीसेक वर्षे जावी लागली.

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली, शंकरराव खरातांचे 'तराळ अंतराळ' आणि कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ साली, शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली. या लेखनाने मास्तराला मंगल प्रतिमेतून खाली उतरवून वर्गात उभे केले. तिथे तो एकजिनसी राहिला नाही, आणि हेच या लेखनाचे मोठेपण आहे.

दोन प्रसंग घेऊ. 'अक्करमाशी'त शाळेत नाव घालण्याची वेळ येते तेव्हा बापाचे नाव काय लिहायचे हा प्रश्न उभा राहतो. बाप पाटील आहे, आई महार आहे, आणि बाप नाव द्यायला तयार नाही. मुख्याध्यापक दाखल्यावर त्या बापाचेच नाव लिहितात. पुढे दडपण येते, माणसे येतात, पण मुख्याध्यापक नाव खोडत नाहीत. या प्रसंगाचा अर्थ आपण 'चांगला मास्तर भेटला' एवढाच लावला तर तो अपुरा आहे. गावगाड्याने ज्याला बाप नाकारला त्याला शाळेच्या दाखल्यावरच्या एका ओळीने बाप दिला. ज्या लेखणीने हजारो पोरांच्या नावापुढे जात लिहिली, तीच लेखणी इथे सत्तेच्या विरुद्ध चालली. मास्तराच्या हातात किती मोठी शक्ती आहे आणि ती वापरायला किती हिंमत लागते, हे या प्रसंगातून कळते.

दुसरा प्रसंग ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मधला (२००३). शाळेतले गुरुजी मुलीला शेण काढायला लावतात, तिच्या गालावर मारतात. बांबूची आयदाने विणून संसार रेटणारी आई त्या गुरुजींना जाब विचारते. चार लोकांत, मोठ्या आवाजात विचारते. शाळेच्या आतला अन्याय शाळेबाहेरची एक अडाणी बाई थांबवते. पण याच पुस्तकात आणखी एक शिक्षक आहे, आणि समीक्षेने त्याची फारशी दखल घेतली नाही. लेखिकेचे वडील स्वतः शिक्षक होते. मुलांनी शिकावे असा त्यांचा ध्यास होता आणि ते लवकर गेले. म्हणजे एकाच पुस्तकात दोन मास्तर आहेत, एक गालावर मारणारा आणि एक शिकण्याचा ध्यास मागे ठेवून गेलेला. पहिला आपल्या लक्षात राहिला. दुसऱ्याविषयी आपण विचारलेच नाही. त्या काळात एका महार शिक्षकाला गावात घर कसे मिळाले असेल, सवर्णांची पोरे त्याच्यासमोर कशी बसली असतील, त्याच्या हातचे पाणी शाळेतल्या कोणी घेतले असेल काय? हे प्रश्न दलित समीक्षेने विचारायचे होते.

३

हे प्रश्न नवे नाहीत. जोतीराव फुल्यांनी ते दीडशे वर्षांपूर्वी विचारले होते. १८६९ साली त्यांनी विद्याखात्यातल्या ब्राह्मण पंतोजीवर पवाडा लिहिला. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी शिक्षकाचा प्रश्न अगदी मुळापासून मांडला. प्राथमिक शाळांतले बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत, ते शूद्रांच्या पोरांपासून अंग राखून वागतात, म्हणून शक्य तो शेतकरी-कष्टकरी वर्गातूनच प्रशिक्षित शिक्षक घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील, असे त्यांचे म्हणणे होते. पगाराविषयीही ते स्पष्ट बोलले. बारा रुपयांहून कमी पगार असू नये आणि मोठ्या गावांत तो पंधरा-वीस रुपये असावा.

या निवेदनात आणखी एक सूचना आहे. शिक्षकाला गावच्या कारभारात स्थान द्यावे, गावचे हिशेब तपासण्याचे, दस्त नोंदण्याचे, टपालाचे किंवा स्टॅम्पविक्रीचे काम द्यावे, म्हणजे त्याची प्रतिष्ठा वाढेल, असे फुले म्हणतात. आज ही सूचना वाचताना वाचक थबकतो. शिक्षकांना शिकवण्याव्यतिरिक्तची कामे नकोत म्हणून आपण मोर्चे काढतो आणि फुले तर ती कामे मागत होते!

विरोधाभास वरवरचा आहे. फुल्यांनी मागितलेली कामे सत्तेची होती. हिशेब तपासणारा माणूस कुलकर्ण्याची वही उघडू शकतो. दस्त नोंदणारा माणूस सावकाराची लबाडी थांबवू शकतो. शूद्र-अतिशूद्रांतला शिक्षक या जागी बसला तर कुलकर्णी-भटजींच्या हातातली कागदाची सत्ता गावात पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हाती जाते, हा त्यांचा हिशेब होता. आज शिक्षकाला दिलेली कामे नेमकी उलट आहेत. तो माहिती भरतो, पण तपासत नाही. तो यादी करतो, पण यादीवर त्याचा अधिकार नसतो. तो वरून आलेला हुकूम खाली पोहोचवतो आणि खालचा आकडा वर पोहोचवतो.

या कामाला आपल्याकडे जुना शब्द आहे. तो शब्द वतनातला आहे. सरकारी अंमलदार गावात आला की तराळाने पुढे धावायचे, निरोप पोहोचवायचे, सारा घेऊन जायचे. काम किती आणि मोबदला किती याचा मेळ कधीच नव्हता, आणि नाही म्हणण्याची सोय नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले ते याच अमर्याद राबणुकीविरुद्ध. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. शिक्षकाची तुलना तराळाशी करताना मला तिच्या मर्यादाही ठाऊक आहेत. कायम सेवेतल्या शिक्षकाला वेतन आयोगाचा पगार आहे, त्याच्या अंगावर कोणी शिळा तुकडा टाकत नाही. परंतु कामाची हद्द ठरलेली नसणे आणि नकार देण्याचा अधिकार नसणे ही वतनी चाकरीची दोन लक्षणे आजच्या शाळेत परत आली आहेत, हे पाहायला आपल्याइतकी तयार नजर दुसऱ्या कोणाकडे असणार?

४

आता खुर्चीच्या अलीकडची बाजू घेऊ.

बाबासाहेब स्वतः १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. अमेरिकेतले शिक्षण घेऊन आलेला हा माणूस वर्गात शिकवत होता आणि प्राध्यापकांच्या खोलीत त्याने सामाईक माठातले पाणी प्यावे याला काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता. खुर्ची मिळाली म्हणून माठ मिळतो असे नाही, हा धडा आपल्या इतिहासात तेव्हाच नोंदला गेला.

'अंतःस्फोट'मध्ये कुमुद पावडे यांनी त्याच धड्याचा पुढचा भाग लिहिला. संस्कृतात एम. ए. झालेली एक महार मुलगी. पदवी आहे, गुणवत्ता आहे, पण नोकरी नाही. पुढे आंतरजातीय विवाह होतो, आडनाव बदलते आणि नोकरी मिळते. पदवी तीच, बाई तीच, बदलले ते आडनाव. त्या स्वतःच ही विसंगती उघड करून दाखवतात. आपल्या साहित्यात शिक्षकाच्या नेमणुकीची याहून नेमकी चिकित्सा मला आढळलेली नाही. निवडसमितीच्या टेबलावर अर्जाचा कोणता भाग वाचला जातो हे त्या काही पानांनी सांगून टाकले.

पण ही वाट पुढे रुंद झाली नाही. आपली बहुसंख्य आत्मकथने नोकरी लागली की थांबतात, किंवा तिथून घाईघाईने पुढे सरकतात. याचे कारण काय? काही कारणे उघड आहेत. जिल्हा परिषदेचा शिक्षक असो की अनुदानित संस्थेतला, तो सेवाशर्तींनी आणि वर्तणूक नियमांनी बांधलेला असतो. संस्थाचालकाविषयी लिहिणे म्हणजे निलंबनाला आमंत्रण. पेन्शनीला आल्यावर लिहावे तर तोवर पोरगा त्याच संस्थेत लागायचा असतो. पण कारण एवढेच नाही. आत्मकथनाचा जो घाट आपल्याकडे रूढ झाला तो वस्तीपासून पगारापर्यंतच्या प्रवासाचा आहे. पगार लागला की प्रवास संपला, असे त्या घाटातच गृहीत आहे. वाचकालाही तेच हवे असते. प्रस्थापित वाचकाला आपल्या बालपणीची भूक वाचून हळहळता येते. पण त्याच्याच शेजारच्या टेबलावर बसून त्याच मस्टरवर सही करणाऱ्या आपल्या माणसाची घुसमट वाचताना त्याला हळहळता येत नाही, कारण तिथे तो स्वतः पात्र असतो. भूक दूरची असते, स्टाफरूम जवळची असते.

भालचंद्र नेमाड्यांच्या 'बिढार', 'जरीला', 'झूल' या १९७५ ते १९७९ मधल्या कादंबऱ्यांनी शिक्षणसंस्थांचे राजकारण, प्राध्यापकांची लाचारी आणि संस्थाचालकांची मस्ती मराठीत आणली. पण तिथला नायक बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जाऊ शकतो. त्याला कंटाळण्याची चैन परवडते. पहिल्या पिढीतल्या शिक्षकाला कंटाळता येत नाही. त्याच्या एका पगारावर गावाकडे तीन चुली पेटतात. त्याची भीती वेगळी, त्याचे मौन वेगळे, आणि त्या मौनाची कादंबरी अजून लिहायची आहे. अपवादाने काही कथा-कविता आल्या असतील, पण त्या अपवादानेच.

५

या न लिहिलेल्या कादंबरीत काय काय येईल? आजच्या शाळेकडे पाहिले तरी प्रकरणांची नावे दिसू लागतात.

पहिले प्रकरण नेमणुकीचे. संस्थाचालकाला 'देणगी' दिल्याशिवाय खाजगी शाळेत नोकरी नाही, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही डी. एड.वाल्या पोराला विचारावे. माझ्याच एका विद्यार्थ्याला एका संस्थेत जो आकडा सांगण्यात आला तो त्याच्या बापाच्या आयुष्यभराच्या मजुरीहून मोठा होता. तो परत आला आणि दुसऱ्या दिवशी गोदामात हमालीला गेला. २०१२ पासून राज्यातली भरती जवळजवळ गोठली होती. पुढे सरकारने 'पवित्र' पोर्टल आणले आणि २०१७ च्या डिसेंबरात पहिली अभियोग्यता चाचणी झाली. दुसरी चाचणी व्हायला २०२३ साल उजाडले. मधल्या पाच वर्षांत किती पोरांचे वय सरले असेल! पोर्टलमुळे गुणांना काही किंमत आली हे मान्य केले पाहिजे. बिनमुलाखतीच्या जागांवर कितीतरी गरीब घरची पोरे एक पैसा न देता लागली. पण खाजगी संस्थांसाठी मुलाखतीचा मार्ग ठेवलाच आहे. एका जागेसाठी अनेक नावे संस्थेकडे जातात आणि त्यांतून कोण निवडायचा हे संस्था ठरवते. म्हणजे आडनाव वाचण्याची सोय शिल्लक राहिली.

याला जोडून बिंदुनामावलीचे प्रकरण येते. खाजगी शाळांतल्या नोकऱ्यांना १९७७ च्या कायद्याने आणि १९८१ च्या नियमावलीने आरक्षणाचे बंधन आहे. कागदावर ते पक्के आहे. प्रत्यक्षात बिंदुनामावली तपासून घेण्यात चालढकल होते, राखीव जागेची जाहिरातच निघत नाही, एखादा विषयच असा निवडला जातो की त्या प्रवर्गातला उमेदवार मिळू नये. काही संस्था अल्पसंख्याक दर्जा मिळवतात आणि आरक्षणाच्या बंधनातून बाहेर पडतात. अल्पसंख्याकांचा घटनात्मक हक्क आपण मानलाच पाहिजे. परंतु त्या हक्काच्या आडून मागासवर्गीय शिक्षक टाळला जात असेल तर त्याला हक्क म्हणता येणार नाही.

दुसरे प्रकरण नावाचे. २००० साली महाराष्ट्राने 'शिक्षण सेवक' ही जात निर्माण केली. जात हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. तीच पात्रता, तोच वर्ग, तेच तास. पण तीन वर्षे तो शिक्षक नव्हे, सेवक. त्याला वेतन नव्हे, मानधन. कित्येक वर्षे प्राथमिकच्या सेवकाला महिना सहा हजार रुपये मिळत होते. २०२३ च्या सुरुवातीला ते सोळा हजार झाले, माध्यमिकला अठरा आणि उच्च माध्यमिकला वीस. वाढ झाली हे खरे, पण शब्द तोच राहिला. मानधन या शब्दात मान आधी आहे आणि धन नंतर, आणि दोन्हींची वानवा आहे. त्याच्याही खाली आणखी एक पायरी आहे. २००१ साली राज्याने 'कायम विनाअनुदानित' शाळांचे धोरण आणले. २००९ मध्ये त्यातला 'कायम' हा शब्द काढला गेला, पण अनुदान टप्प्याटप्प्याने, वीस-वीस टक्क्यांनी, आणि तेही आंदोलनांनंतर. दहा-पंधरा वर्षे बिनपगारी शिकवलेले शिक्षक आपल्या आसपास आहेत. ज्याच्या घरी चार एकर बागायत आहे तो दहा वर्षे बिनपगारी थांबू शकतो. शेतमजुराचा पोरगा दोन वर्षेही थांबू शकत नाही. बिनपगारी शाळा ही न लिहिलेली जातीची अट असते. कोणी हाकलत नाही, आपले पोर आपणच निघून जाते.

एकाच स्टाफरूममध्ये पूर्ण पगाराचा, अंशतः अनुदानाचा, मानधनाचा, तासिकेचा आणि बिनपगारी असे पाच शिक्षक बसतात. २००५ च्या नोव्हेंबरपूर्वी लागलेल्याला जुनी पेन्शन, नंतरच्याला नाही. वरच्याने खालच्याला शिवायचे नाही एवढीच काय ती कसर राहिली आहे. श्रेणीबद्ध विषमतेची बाबासाहेबांनी केलेली मीमांसा इथे जशीच्या तशी लागू पडते. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असल्यामुळे कोणीच एकत्र उठत नाही.

तिसरे प्रकरण कामाचे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अन्य बिगरशैक्षणिक काम देण्यास मनाई केली. पण ते तीन दरवाजे इतके रुंद आहेत की त्यांतून सारे वर्ष निघून जाते. मतदारयादीचे काम हे आता एका मोसमाचे राहिलेले नाही. पोषण आहाराचा हिशेब आहे, ऑनलाइन माहिती आहे, फोटो आहेत, तातडीने मागवलेले आणि उद्या पुन्हा मागवले जाणारे तक्ते आहेत. दोन शिक्षकांच्या शाळेतला एक या कामाला गेला की चार वर्ग एका खोलीत बसतात. ती पोरे कोणाची असतात? ऊसतोडीला जाणाऱ्यांची, पारधी-वडार वस्तीची, बौद्धवाड्याची, पाड्यावरची. ज्याची ऐपत आहे त्याने आपले पोर केव्हाच इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवले आहे. शिक्षकाचे बिगरशैक्षणिक काम हा शिक्षकाच्या सोयीचा प्रश्न म्हणून मांडला जातो. तो मुळात या पोरांच्या बुडालेल्या तासांचा प्रश्न आहे.

चौथे प्रकरण शाळा बंद होण्याचे. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार सरकारने पुढे आणला. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने सहावी ते आठवीचा पट विसाच्या आत गेला की शिक्षकाचे पदच मंजूर होऊ नये अशी स्थिती आणली. त्याविरुद्ध त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्यभरचे शिक्षक सामूहिक रजेवर गेले. गंमत अशी की त्याच मार्च महिन्यात शिक्षकांनी कोणते कपडे घालावेत याचाही शासननिर्णय निघाला. पद राहील की नाही ते सांगता येत नाही, पण सदरा फिकट असावा! फाटक्या कपड्याच्या पोराला शाळेतून हाकलले गेले त्या पोरांनी मोठे होऊन आपली आत्मकथने लिहिली. त्यांना या निर्णयातला विनोद समजेल आणि त्यामागचा स्वभावही.

पाचवे आणि सर्वांत अवघड प्रकरण परीक्षेचे. शिक्षक पात्रता परीक्षा महाराष्ट्रात २०१३ पासून सुरू झाली. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, नाहीतर सेवा सोडावी. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना सेवा पुरी करता येईल, पण पदोन्नती नाही, असे त्यात ठरले. वीस-वीस वर्षे शिकवलेल्या माणसाच्या छातीत धस्स झाले. संघटना रस्त्यावर आल्या.

इथे आपली भूमिका काय असावी? 'परीक्षाच नको' असे म्हणणे सोपे आहे, पण ते आपल्याला शोभणारे नाही. वस्तीतल्या पोराला शिकवता येणारा शिक्षक मिळाला पाहिजे ही मागणी मुळात आपली आहे. फुल्यांची आहे. प्रशिक्षित शिक्षक हा शब्द त्यांनी १८८२ साली वापरला. दुसरीकडे 'गुणवत्ता' या शब्दाने आपल्याला नेहमी फाटकाबाहेर ठेवले हेही आपण विसरू शकत नाही. म्हणून परीक्षेला विरोध न करता परीक्षा घेणाऱ्याची परीक्षा आपण मागितली पाहिजे. याच पात्रता परीक्षेतला गुणांचा घोटाळा डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आला. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेतल्याच वरिष्ठांना अटक झाली आणि पुढच्या वर्षी साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरवले गेले. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ क्रमांकांवर पगार काढल्याचे प्रकरण निघाले. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी गुण विकत घेतले, ओळखक्रमांक विकत घेतले. आणि अपात्रतेचा शिक्का समाजाच्या मनात कोणावर बसला? आरक्षणातून आलेल्यावर! पैशाने लागलेला मास्तर 'मेरिट'चा आणि अभ्यासाने लागलेला मास्तर 'कोट्या'चा, हा स्टाफरूममधला नित्याचा हिशेब आहे. दलित समीक्षेने तो पुस्तकांच्या पानांवर ओढून आणला पाहिजे.

६

शेवटी आपल्या घरातली गोष्ट. आज शिक्षकाच्या नोकरीत असलेल्या आपल्या वर्गाने काय केले हाही प्रश्न समीक्षेने टाळू नये. त्यांतल्या अनेकांनी वस्तीला दिले ते मोठे आहे. रात्रीचे वर्ग चालवले, पोरांचे दाखले काढून दिले, स्कॉलरशिपचे अर्ज भरले, जयंतीच्या मंडळाचे ग्रंथालय केले. याची नोंद कुठेच नाही. पण त्याच वर्गातले काही लोक आपल्या शाळेच्या पटावर आपले पोर घालत नाहीत, वस्तीतले घर विकून कॉलनीत जातात आणि आडनाव विचारले की गावाचे नाव सांगतात. या माणसाला शिव्या देऊन भागणार नाही. त्याला समजून घ्यायचे तर त्याला साहित्यात आणावे लागेल. भीतीने आडनाव झाकणारा मास्तर आणि दडपणाखालीही दाखल्यावरचे नाव न खोडणारा मास्तर, दोघेही एकाच खुर्चीत बसतात. त्यांतला कोणता केव्हा जिंकतो आणि कोणत्या परिस्थितीत हरतो, हे लिहिणे हे पुढच्या आत्मकथनाचे आणि कादंबरीचे काम आहे.

म्हणून शिक्षक असलेल्या वाचकांना माझी विनंती आहे. बालपण लिहून झाले असेल तर आता नोकरी लिहा. मुलाखतीला कोण बसले होते, काय विचारले, किती मागितले, हे लिहा. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये डबा उघडल्यावर कोण उठून गेले ते लिहा. शिक्षिकांनी तर आवर्जून लिहावे, कारण सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये सुरू केलेली वाट चालताना आज दलित बाईला दुहेरी काय सोसावे लागते ते पुरुषांच्या लेखनात येणार नाही. यादी करायला गेलेल्या दिवशी वर्गात कोणती पोरे वाट पाहत बसली, त्यांची नावे नसली तरी संख्या लिहा. ज्यांना नोकरी जाण्याची भीती आहे त्यांनी संस्थेचे नाव गाळून लिहावे, पण प्रसंग गाळू नये.

आणि संघटनांत काम करणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे की पेन्शनची मागणी आणि बंद होणाऱ्या वस्तीशाळेची मागणी एकाच फलकावर लिहा. पहिली मागणी एकटी गेली तर गाव म्हणेल, मास्तराचे पोट भरलेलेच आहे. दुसरी बरोबर असली तर वस्तीतली आई मोर्चात चालेल. तिने एकदा गुरुजींना जाब विचारला होता. आता तिच्या बाजूने सरकारला जाब विचारण्याची पाळी गुरुजींची आहे.